गुलाबसाठी बोललेला बोकड

२३ ऑगस्ट २०२३

माझी घोडी कस्तुरी आज सकाळी गेली. परवा व्याली, तेव्हापासून उठलीच नव्हती. डॉक्टर दोनदा येऊन गेले. पोटातल्या पोटात रक्त गेलं म्हणाले. ओढ्याच्या कडेला खड्डा काढून पुरली.

शिंगरू मादी आहे. अंग तांबूस, पाय गुडघ्यापासून खाली काळे. बायकोने, हरणाबाईने, नाव ठेवलं, गुलाब.

वरातीला घोडी नेण्याचा धंदा मी गेल्या वर्षी बंद केला. डीजेपुढे उभ्या राहिलेल्या जनावराच्या डोळ्यांत बघवत नसे. त्यापेक्षा शिंगरं वाढवावीत, शिकवावीत आणि नीट माणसाच्या हाती द्यावीत, असं ठरवलं. त्याची सुरुवात ही अशी झाली.

२५ ऑगस्ट

शिंगरू बाटलीला तोंड लावेना. शेवटी हरणाबाईने शेळी धरून कट्ट्यावर चढवली आणि शिंगरू खाली उभं केलं. बराच वेळ नुसतं हुंगत राहिलं, मग आचळ धरलं. शेळीचं स्वतःचं पिल्लू थोड्याच दिवसांचं आहे, बोकड आहे. ते खालून ओरडत होतं. हरणाबाईने वाटणी करून दिली. एक आचळ शिंगराला, एक बोकडाला. शेळीची काही तक्रार दिसली नाही.

३० ऑगस्ट

गुलाबची नाळ सुजली. अंगात ताप. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि उद्यापर्यंत बघू म्हणाले. 'बघू' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

माळावरच्या म्हसोबाला गेलो. म्हटलं, हे शिंगरू जगू दे. त्याच्याबरोबरचा बोकड दोन दाती, म्हणजे दीडेक वर्षाचा, झाला की जत्रेला तुझ्यापुढे आणतो.

घरी आल्यावर हरणाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "त्येच्याच आईचं दूध पिऊन ह्यानं जगायचं, आन कापायचं त्येला? ह्यो कुठला न्याय?"

मी म्हटलं, "देवाला आपल्यातलंच द्यावं लागतं. बाजारातनं आणून दिलेलं ते काय देणं?"

ती चुलीकडे गेली.

४ सप्टेंबर

ताप उतरला. गुलाब आज अंगणात धावली आणि पडली. पुन्हा उठून धावली. म्हसोबाला नारळ देऊन आलो. बोकडाचं बोलणं पक्कं आहे हेही सांगून आलो.

१२ जून २०२४

मध्यंतरी बरंच राहून गेलं. मुलाचं, सूरजचं, लग्न झालं. तो सुट्टी संपवून पलटणीत परत गेला. सून पल्लवी मिरजेची आहे. जनावराचं घर तिला नवीन. पहिले दोन दिवस पदराने नाक धरून होती. आता गुलाबला खरारा तीच करते.

आमच्याकडची मांडणी अशी आहे. गुलाब निंबाखाली. तिच्या पायाशी बोकड. भुंग्या कुत्रा दोघांच्या मध्ये, आणि गार हवा सुटली की मांजर गुलाबच्या पाठीवर. गुलाबला त्याचं काही वाटत नाही. बोकड दिसला नाही तर मात्र दावं तोडते. म्हणून दोघांना बरोबरच चारायला नेतो.

पल्लवीने बोकडाचं नाव साहेब ठेवलं आहे. दाढी आहे, आणि वैरण टाकणाऱ्याकडे तो असा बघतो की जणू उशीर झाला.

मी तिला बजावलं, "देवाच्या जनावराला नाव ठेवायचं नसतं. जीव गुंततो."

"बरं मामंजी," म्हणाली. आणि लगेच, "साहेब, सरका जरा."

२० ऑक्टोबर

पाटणहून ऋषिराज म्हणून एक तरुण आला होता. कोयनेच्या बाजूला त्याची जागा आहे. पुण्या-मुंबईचे लोक राहायला येतात, त्यांच्या पोरांसाठी तो घोडे ठेवतो. कुणीतरी माझं नाव सांगितलं. गुलाब त्याला आवडली. दात बघितले, खूर बघितले. मग विचारलं, "पाण्याला भिते का?"

मी म्हटलं, "पाणी बघितलंय कुठं तिनं? आमच्या इथं पाऊस म्हंजी पावना. आला तर आला."

तो म्हणाला, "आमच्याकडे चार महिने नुसता पाऊस. वाटेत दोन ओढे. मागची घोडी अशीच कोरड्या भागातली होती, पत्र्यावर सर पडली की उधळायची. एका पोराचा हात मोडला. ही पाण्याला शांत राहिली तर उन्हाळ्याच्या शेवटी नेतो. नाही राहिली तर राहू द्या."

मी दोन गोष्टी सांगितल्या. अजून वर्षभर पाठीवर कुणी बसायचं नाही. आणि चाबूक घरात ठेवायचा नाही. त्याने मान्य केलं.

३ नोव्हेंबर

पहिला तांब्या ओतला आणि गुलाबने तोंडावरची दोराची मोरखी तोडली. भुंग्याच्या शेपटीवर पाय पडला, तो ओरडत रानात. मांजर पत्र्यावर. हरणाबाई म्हणाली, "शिकवताय का घर मोडताय?"

१० नोव्हेंबर

मारून शिकवलेलं घोडं मारणारा माणूस दिसेपर्यंतच शहाणं असतं. दुसरा उपाय सुचला. गुलाब बोकडाकडे बघून वागते. तो पालापाचोळ्यात शिरला की ती शिरते. तो रस्ता ओलांडतो, मग ती. म्हणून आधी बोकडावर पाणी ओतायचं आणि तिला बघू द्यायचं. मग तिच्या खुरांवर.

आज ओतलं. बोकडाने सगळं अंग झाडलं आणि पल्लवीला भिजवलं. गुलाब चार पावलं मागे गेली, पण मोरखी शाबूत राहिली.

२ डिसेंबर

रोज सकाळी तेच. आधी बोकड, मग गुलाब. पाणी ओतताना बोकडाला मूठभर ज्वारी देतो, त्यामुळे तो जागचा हलत नाही. गुलाब गुडघ्यापर्यंत पाणी घेते. माझ्या मनासारखं चाललं आहे.

१५ जानेवारी २०२५

संक्रांत झाली. पल्लवीने गुलाबला हळदीकुंकू लावलं. बोकडाच्या शिंगांना तेल लावलं, ते मला आवडलं नाही. पण शिंगं छान दिसतात.

पाणी पाठीपर्यंत आलं. आता टिनाचा पत्रा टांगून त्यावर पाणी सोडतो, पावसाचा आवाज होतो. साहेब पत्र्याखाली उभा राहून रवंथ करतो. गुलाब त्याच्या शेजारी. कान हलवते, बाकी शांत.

(वर बोकड लिहायचं होतं.)

९ फेब्रुवारी

भाऊसोदादा आला होता. माझा चुलतभाऊ, म्हसोबाची पूजा त्याच्याकडे. मोजकं बोलतो, ते पण कडू. जत्रेचं बोलायला आला होता. बोकडाचं तोंड उघडून बघितलं. "दोन दाती झाला की. औंदा फेडून टाक."

पल्लवी चहा घेऊन आली. तिने विचारलं, "थोरलं मामंजी, देवाला बोकड पसंत हाय हे कळतं कसं?"

दादाने सांगितलं. बोकडाला देवापुढे उभा करायचा. भंडारा लावायचा. मग पाठीवर तांब्याभर पाणी ओतायचं. त्याने अंग झाडलं की देवाने घेतला. मग पुढचं काम.

"आन न्हाई झाडलं तर?"

"झाडतंच की. गार पाणी हाय. झाडंना तर देवाला नगं हाय."

पल्लवी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "काय झालं?" "काय न्हाई," म्हणाली आणि कप घेऊन आत गेली. दादा पण जरा वेळ गुलाबच्या पत्र्याकडे बघत बसला होता.

१० फेब्रुवारी

पल्लवीने आज आपणहून पाण्याचं काम अंगावर घेतलं. म्हणते, "तुमचं गुडघं दुखत्यात, सकाळचं मी बघते." पोरगी कामाला लागली याचं बरं वाटलं.

६ मार्च

ऊन चढलं आहे. पल्लवी आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी घालते. गुलाबला एक बादली, बोकडाला दोन. मी म्हटलं, "पाणी जपून वापर, टँकरचं हाय." ती म्हणाली, "उनानं केसाळ जनावराला तरास हुतो मामंजी." असेल.

आता तो पाणी पडताना डोळेसुद्धा मिटत नाही.

१ एप्रिल

गुलाब तयार झाली. मोटार धुवायचा पाईप अंगावर सोडला तरी उभी. ऋषिराजला फोन केला. तो म्हणाला, पाऊस लागायच्या आत गाडी घेऊन येतो.

तिचं काम संपलं. आता त्याचं राहिलं. अलीकडे मला जेवताना भाकरीचा शेवटचा तुकडा बाजूला ठेवायची सवय लागली आहे. जाताना निंबाखाली टाकतो. हरणाबाई ओरडते की बोकडाच्या वासाने अंगणात बसवत नाही, पण काकडीची सालं तीच त्याच्यापुढे नेऊन टाकते. मी मनाला सांगून ठेवलं आहे. बोललेलं आहे ते आहे.

१९ एप्रिल

उद्या जत्रा. बोकडाला आंघोळ घातली. हरणाबाईने जेवणाआधीच काकडीची सालं त्याच्यापुढे नेऊन टाकली. पल्लवी घाबरलेली दिसत नव्हती. तिने दोन वेळा विचारलं, "पाणी किती तांबे घालत्यात?" मी म्हटलं, "एक. लागलं तर दोन." ती म्हणाली, "मग हरकत न्हाई." काय हरकत नाही ते विचारायचं राहिलं.

२० एप्रिल

जे घडलं ते लिहितो.

गुलाबला घरी ठेवता आलं नाही, बोकड निघाला तशी ती किंचाळायला लागली. म्हणून दोघांना नेलं आणि तिला देवळाबाहेर बाभळीला बांधलं. आमच्या आधी चार-पाच नवस होते. पाणी पडलं की एकेक बोकड अंग झाडत होता, लोक "घेतला, घेतला!" म्हणत होते.

आमची पाळी आली. भाऊसोदादाने भंडारा लावला आणि तांब्या ओतला. बोकड उभाच राहिला. देवाकडे बघत होता, किंवा देवापुढच्या नारळाकडे.

दुसरा तांब्या ओतला. पाठीवरून पाणी खाली गळत होतं. एक केस हलला नाही.

गावातला टवाळ लालासाहेब सावकाशपणे म्हणाला, "आकाराम, नवस फेडायला आणलाय का आंघुळीला?" लोक हसले. मागून कुणीतरी, "साबण द्या रं पुढं!"

ढोल जवळ आणून वाजवला. कळशीभर पाणी ओतलं. तो वैरणीची वाट बघावी तसा उभा. मी हात जोडले होते.

दादाने कळशी बाजूला ठेवली. एक हात पुढे करून बोकडाच्या तोंडाकडे वाकला, जरा वेळ तसाच थांबला. मग सरळ होऊन म्हणाला, "घरी ने."

"आन नवस?"

"देवाला नगं हाय. आता त्येच्या मनातलं माझ्या कपाळावर लिवलंय व्हय? पुढचा आणा."

खाली येताना बोकड पुढे, गुलाब त्याच्यामागे, मी दोन्ही दोर धरून शेवटी.

२२ एप्रिल

घरात सगळे खूश आहेत. पल्लवीने गोड केलं. मी नुसती भाकरी खाल्ली.

देवाने पाठ फिरवली, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. माझ्या वडिलांनी बोललेला प्रत्येक नवस त्याने घेतला. माझं काय चुकलं? बोलताना मनात किंतु होता का? नव्हता. त्या दिवशी मी द्यायला तयार होतो. आजचं विचारलं तर सांगता येत नाही. कदाचित तेच त्याने ओळखलं असेल. अर्ध्या मनाने आणलेलं तो कशाला घेईल?

दोन दिवस एकवेळ जेवतो आहे.

२७ एप्रिल

अमावस्या. पुन्हा एकदा न्यायचं मनात आणलं होतं. हरणाबाईला म्हटलं, "आज त्याला परत घेऊन जातो. आज मन साफ आहे."

ती भाकरी थापत होती. हात तसेच ठेवून म्हणाली, "आवं, सहा महिनं रोज बादल्या वतून वतून त्येचा दगड केलाय तुमी. आन देवाला इचारताय, का हलंना?"

मी हातातला दोर खाली ठेवला.

"घोडीला शिकवताना कोण शिकलं, बघा जरा," ती म्हणाली.

पल्लवी दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. मी तिला म्हटलं, "तुझी काही चूक न्हाई पोरी. तू नुसतं माझं काम पुढं चालवलंस." ती रडायला लागली. या पोरींचं काही कळत नाही.

नेलं नाही. ही सगळी चूक माझी. कौल मागायच्या आधीच मी त्याचं उत्तर पक्कं करून ठेवलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. गावापुढे ते देवाचं म्हणून गेलं. दादाला सांगायला हवं. त्याशिवाय मला झोप येणार नाही.

२८ एप्रिल

सकाळी देवळात गेलो. भाऊसोदादा देवाला शेंदूर लावत होता. मी सगळं सांगितलं. ऋषिराजची अट, पत्रा, तांब्या, ज्वारी, सगळं.

तो शेंदूर लावत राहिला. मग म्हणाला, "ठाव हाय."

"ठाव हाय म्हंजी?"

"तुझ्या घरावरनंच येतो न्हवं मी रोज. डोळं फुटल्यात व्हय माझं? सून बादल्या वतती, बोकड रवंथ करतंय. बघत हुतो की."

"मग तवा बोलला का न्हाईस?"

"इचारलंस कवा?"

त्याने हात पुसले आणि जवळ येऊन बसला. म्हणाला, "असं एखादं येतं अधनंमधनं. हलत न्हाई. त्येला तोड हाय. कानात थेंबभर पाणी सोडायचं. माझ्या बापानं शिकवलंय. कानात पाणी गेलं की हत्ती असला तरी झाडतो."

"मग परवा सोडलं का न्हाईस?"

"हात मोकळा न्हवता."

"कळशी तर तू खाली ठेवली होतीस दादा."

"कळशी ठिवली रं. पर त्येनं हनुवटी माझ्या तळव्यावर ठिवली. ज्वारीची वाट बघत आसंल. कसा काढू हात?"

"मग आता परत आणू का त्याला?"

"आण की," तो उठत म्हणाला. "मी नसलो की आण."

दादा आता म्हातारा होत चालला आहे. दुसरा हात मोकळा होता, त्याने पाणी सोडता आलं असतं. ते त्याच्या कसं लक्षात आलं नाही, मला समजत नाही. देवाचं काम करणाऱ्याने असा हलगर्जीपणा करू नये. पण एवढी वर्षं पूजा करतो, त्याला तोंडावर कसं म्हणायचं, म्हणून उठून आलो.

२४ मे

वळीव दोनदा येऊन गेला. यंदा पाऊस लवकर आहे म्हणतात. ऋषिराज आज गाडी घेऊन आला.

गाडीच्या फाळक्याला फळी लावली. गुलाबने फळीला पाय लावला आणि मागे घेतला. गोंजारलं, ज्वारी दाखवली, डोळ्यांवर पोतं टाकून बघितलं. नाही. ऋषिराजबरोबरचा माणूस म्हणाला, "मागून एक काठी घालूया का?" मी त्याच्याकडे बघितलं तसा तो गाडीत जाऊन बसला.

मग बोकड स्वतःच फळीवरून वर चढला. गाडीत वैरण होती. गुलाब त्याच्यामागे एका दमात वर.

"चला, झालं!" ऋषिराज म्हणाला. "काका, आता बोकड खाली घ्या."

मी दोर ओढला. बोकड आला, त्याच्याबरोबर गुलाब उतरली. पुन्हा चढवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती उतरताना तिचा पाय फळीवरून घसरला आणि गुडघा खरचटला. ती खरचट मी हाताने पुसली. मला वाटतं त्याच वेळी माझं ठरलं.

पल्लवी कट्ट्यावर हाताची घडी घालून उभी होती. लालासाहेब रस्त्याने जाता जाता थांबला होता. म्हणाला, "देवाचा बोकड हाय रं आकाराम. परगावी देतोस व्हय?"

मी त्याला म्हटलं, "तिच्यासाठी बोलला होता. तिच्याबरोबर जाईल."

लालासाहेब पुढे आला आणि त्याने फळीचं एक टोक धरलं.

ऋषिराजला मी सांगितलं, "ह्याला इकायचं न्हाई, कापायचं न्हाई, कुणाला द्यायचं न्हाई."

तो हसला. "मग करायचं काय काका त्याचं?"

"ती खाती तवा शेजारी उभा राहू द्यायचा. तेवढंच त्याचं काम."

त्याने मान हलवली. पल्लवीने गाडीत चढून बोकडाच्या गळ्यात स्वतःच्या जुन्या ओढणीची पट्टी बांधली. हरणाबाई बाहेर आली नाही. तिला मी तिसऱ्यांदा हाक मारली नाही.

गाडी औंधच्या वळणापर्यंत दिसत होती. गुलाबची मान वर होती. त्याची दिसत नव्हती, तो बुटका आहे.

संध्याकाळी म्हसोबाला गेलो. दादा नव्हता. मी देवाला जे खरं आहे ते सांगितलं. बोकड आता पाटणला आहे. माझं बोलणं अजून माझ्यावर आहे, मी नाकारत नाही. तुला पाहिजे असेल तर तू तिथून घे, तुला सगळी गावं सारखीच. गुलाबवर लक्ष ठेव.

तिकडे पाऊस फार असतो, तेही सांगितलं.